थंडी सुरू झाल्यापासून जेड प्लांटची पानं गळतायत, कुंडी घरात घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात फ्लॅट आहे, बाल्कनी उत्तरेकडची, सहा इंची कुंडी, दर रविवारी पाणी घालता आणि डिसेंबर लागल्यापासून पानं गळायला लागलीयत. थंडीच्या भीतीनं घरात घेऊ नका. माझ्या मते यात थंडीचा फारसा हात नाही, बाल्कनीची दिशा आणि तो दर रविवार, या दोन गोष्टी आहेत.

मी नाशिकची. आमच्या निफाडला पारा फार उतरला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवतात, नाशिक शहरातही रात्री चांगलंच गार होतं, तरी माझं जेड सात वर्षं झाली बारा महिने गॅलरीत आहे. पाच डिग्रीच्या खाली जायला लागलं तर काळजी करायची, पुण्यात तशी वेळ क्वचितच येते. उलट थंडी आणि ऊन दोन्ही मिळालं की पानांच्या कडा लालसर होतात, ते छान दिसतं, आजार नाहीये तो.

आता बाल्कनीचं. जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो, सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेकडूनच येतो, त्यामुळे उन्हाळ्यात तुमच्याकडे ऊन येत असणार आणि झाड खूश असणार. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडून जातो, भर दुपारी सुद्धा साधारण ४८ अंशांवरच असतो, म्हणजे तुमच्या बाल्कनीत सरळ ऊन शून्य. ऊन नाही म्हणून झाडाची वाढ थांबली, माती वाळायला दुप्पट वेळ लागायला लागला, आणि पाणी मात्र उन्हाळ्याच्याच हिशोबानं चालू राहिलं. घरात दक्षिणेची किंवा पूर्वेची खिडकी असेल तर कुंडी तिथे काचेला चिकटून ठेवा, आठवडाभरात हळूहळू हलवत न्या म्हणजे पानं भाजणार नाहीत. हॉलच्या मधल्या टेबलावर ठेवून उपयोग नाही.

पाण्याला वार लावूच नका. एखादी लांब, कोरडी लाकडी काडी मातीत तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर लागली किंवा माती चिकटून आली तर पाणी नाही. पूर्ण कोरडी आली की मगच भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी घालायचं, सकाळी उन्हाच्या वेळेला, आणि ताटलीत साचलेलं लगेच ओतून द्यायचं. थोडं थोडं रोज शिंपडणं सगळ्यात वाईट. माझ्याकडे सहा इंची कुंडीला थंडीत बारा ते पंधरा दिवसांनी पाणी लागतं, पण तुमच्याकडे ऊन कमी आहे त्यामुळे वीसही लागतील, काडीच सांगेल. ही झाडं पानांची छिद्रं मुख्यतः रात्री गारव्यात उघडतात, म्हणून पाणी फार कमी उडतं, त्यांना खरंच एवढं लागत नाही.

एक गोष्ट नीट वाचा, कारण मी इथेच चुकले होते. आईनं साताऱ्याहून फांदी आणून दिली होती, तिचं चांगलं हातभर झाड झालं होतं. एका जानेवारीत पानं सुरकुतली, मला वाटलं तहानलंय, मी पाणी वाढवलं, अजून सुरकुतली, अजून वाढवलं. मुळं आधीच कुजली होती आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भरल्या कुंडीत झाड तहानेनं सुकत होतं. तेव्हा पान सुरकुतलं आणि माती कोरडी असेल तर पाणी घाला, पान सुरकुतलं आणि माती ओली असेल तर झाड लगेच कुंडीतून काढून मुळं बघा. पिवळी, काचेसारखी झालेली, दाबली की पाणी सुटणारी पानं म्हणजेही पाणी जास्त झालंय. मुळं काळी, पिचपिचीत निघाली तर ती कापून टाका, खोड बुडाशी मऊ लागलं तर वरची निरोगी फांदी कापा, सावलीत चार-पाच दिवस कापलेला भाग सुकू द्या आणि मग लावा. आईची ती फांदी अशीच वाचली, आत्ता गॅलरीत आहे ते तेच.

माती बघा, नर्सरीतून आलेली कुंडी बरेचदा नुसत्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) असते, ते थंडीत आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. अर्धी माती आणि अर्धं परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे) किंवा जाड वाळू-विटांचे बारीक तुकडे असं करा, पण मुळं चांगली असतील तर फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत थांबा. खतही तेव्हाच.

अजून एक, तुमचं जेड नेमकं कुठलं? आपल्याकडे नर्सरीत जेड म्हणून बरेचदा बारीक पानांचं, तांबूस काड्यांचं झाड देतात, ते खरं पोर्टुलाकारिया, दक्षिण आफ्रिकेत हत्ती आवडीनं खातात ते. जाड खोड आणि अंगठ्याएवढी मांसल पानं असतील तर क्रासुला. पोर्टुलाकारिया ऊन कमी झालं की भराभर पानं टाकतं, त्यामुळे तुमचं तेच असेल असं मला वाटतंय. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण आहे, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसून काढा.

आज काडी खुपसून बघा आणि काय निघालं ते खाली लिहा, फोटो टाकलात तर अजून नीट सांगता येईल.