चेहरे लालबुंद, सिनेमा गुळगुळीत : कॅलिब्रेशन करून घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की नव्या फोर-के टीव्हीवर माणसांचे चेहरे लालबुंद दिसतात, सिनेमाही मालिकेसारखा गुळगुळीत वाटतो, तर पैसे मोजून कॅलिब्रेशन (म्हणजे जाणकाराकडून मोजमाप घेऊन रंग जुळवणं) करून घ्यावं का. माझं मत, आत्ता तरी नको. दोन्ही तक्रारींवरचा उपाय तुमच्या रिमोटमध्येच आहे आणि तो फुकट आहे.

टीव्ही खोक्यातून बाहेर येतो तो बहुतेक वेळा स्टँडर्ड किंवा इको मोडमध्ये. व्हिविड मोड तर दुकानातल्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावं म्हणूनच असतो. अशा मोडमध्ये रंग फुगवलेले असतात आणि पांढरा मुद्दाम निळसर ठेवतात, कारण तसा पांढरा डोळ्यांना जास्त उजळ भासतो. सिनेमाचे रंग ज्या मॉनिटरवर ठरवले जातात, तिथला पांढरा मात्र डी६५ या ठरलेल्या मापाचा, म्हणजे साधारण ६५०० केल्व्हिनचा असतो (हा आकडा जितका जास्त तितका पांढरा निळसर). टीव्हीवर त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा मोड म्हणजे मूव्ही, सिनेमा किंवा फिल्ममेकर. यातला फिल्ममेकर मोड टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केला. त्यात डी६५ पांढरा असतो आणि टीव्हीची नसती कारागिरी बंद राहते.

मोड बदलला की पहिल्यांदा चित्र पिवळट आणि मंद वाटेल. घरचे कुरकुर करतील. आठवडाभर कळ काढा. डोळे सरावले की जुना मोडच निळाशार वाटायला लागतो.

गुळगुळीतपणाचं कारण वेगळं. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि टीव्ही त्यांच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम बनवून घुसडतो. एलजीवर याचं नाव ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो. इतर कंपन्यांची आणखी काही. बंद करून टाका. खेळांचे सामने बघताना हवं असेल तर खुशाल चालू ठेवा, त्यात काही पाप नाही.

आता थोडा वेळ द्यायची तयारी असेल तर ब्राइटनेसकडे वळा. या नावाने फार गोंधळ घातलाय. पारंपरिक अर्थाने ब्राइटनेस म्हणजे उजेड नव्हे, काळा किती काळा दिसावा ते. उजेडाचं काम बॅकलाइटचं, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याचं (ओलेड पडद्याचे ठिपके स्वतःच उजळतात, तिथे ते काम ओलेड लाइट या पर्यायाचं). सोनीच्या अलीकडच्या टीव्हींवर मात्र ब्राइटनेस म्हणजेच उजेड आणि काळ्यासाठी ब्लॅक लेव्हल असा वेगळा पर्याय असतो. तेव्हा आधी मेनू नीट वाचा.

एव्हीएस एचडी ७०९ नावाचे टेस्ट पॅटर्न मोफत मिळतात. पेनड्राइव्हवर घ्या, खोलीत अंधार करा आणि ब्लॅक क्लिपिंगचा पॅटर्न लावा. काळ्या पार्श्वभूमीवर क्रमांक घातलेल्या पट्ट्या लुकलुकताना दिसतील. व्हिडिओत १६ म्हणजे पूर्ण काळा. त्यामुळे १६ पर्यंतच्या पट्ट्या पार गडप व्हायला हव्यात आणि १७-१८ जेमतेम, डोळे ताणून दिसायला हव्यात. सगळ्याच दिसत असतील तर काळा राखाडी झालाय, एक-एक अंक खाली या. विसाच्याही दिसत नसतील तर अंधारातल्या दृश्यांतला तपशील तुमच्याकडे पोचतच नाहीये. तसंच दुसऱ्या टोकाला कॉन्ट्रास्टचं, तिथे पांढऱ्याच्या पट्ट्या २३५ पर्यंत (म्हणजे पूर्ण पांढऱ्यापर्यंत) वेगवेगळ्या दिसल्या की झालं.

शार्पनेस कमी करताना लोकांचा जीव वरखाली होतो. पण वाढवलेला शार्पनेस तपशील आणत नाही, कडांभोवती पांढरी रेघ ओढतो. बऱ्याच टीव्हींवर शून्य किंवा त्याच्या आसपास ठेवावा. सोनीवर मात्र ५० म्हणजे मूळ चित्र, तिथे शून्यावर नेलंत तर धूसर दिसेल.

दुसऱ्या कोणाच्या सेटिंग्ज नेटवरून उचलणार असाल तर मोड, शार्पनेस, मोशन एवढंच घ्या. व्हाइट बॅलन्सचे (पांढऱ्यातल्या लाल-हिरव्या-निळ्याच्या तोलाचे) आकडे घेऊ नका; एकाच मॉडेलच्या दोन पॅनलमध्येही फरक असतो.

आणि तो नेमका फरक काढायलाच कॅलिब्रेशन करणारा लागतो. तो पडद्यावर कलरीमीटर हे रंग मोजणारं उपकरण टेकवतो, कॅलमनसारख्या सॉफ्टवेअरवर मोजमाप घेतो, मग व्हाइट बॅलन्स, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते) आणि रंग जुळवतो. एसडीआर म्हणजे नेहमीचं चित्र आणि एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेलं चित्र, या दोन्हींसाठी वेगवेगळं. अंधाऱ्या खोलीत मोठा ओलेड किंवा प्रोजेक्टर असेल, किंवा रंगांचंच काम करत असाल, तर पैसे वसूल होतात. खिडकीसमोरच्या टीव्हीसाठी मला तो खर्च पटत नाही. दिवसाचा उजेड ती सगळी मेहनत धुऊन टाकतो. हौस असेल तर मीटर विकत घेऊन एचसीएफआर या मोफत सॉफ्टवेअरवर स्वतःही करता येतं, पण दोन-तीन संध्याकाळी त्यात गेल्या असं समजा.

जे काही कराल ते एचडीएमआयच्या प्रत्येक इनपुटवर आणि एचडीआर चालू असतानाही तपासा, कारण बऱ्याच टीव्हींवर या सेटिंग्ज वेगळ्या साठवल्या जातात. झालं की मेनूचे फोटो काढून ठेवा. घरात कोणी रीसेट मारलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.