तुमचे प्रश्न : टकलावरचे उपचार

प्रश्न : वय २९. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, टाळूवरही केस विरळ झालेत. तीन महिने ५ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल लावलं, पण दुसऱ्या महिन्यात केस उलट जास्तच गळू लागले. शेवटी बंद केलं. आता सरळ केशरोपण करून घ्यावं का?

उत्तर : औषध बंद करण्याची घाई झाली. मिनॉक्सिडिलमुळे विश्रांती घेत असलेली केसांची मुळं पुन्हा कामाला लागतात आणि तिथला जुना, नाहीतरी गळणारच असलेला केस लवकर सुटतो. पहिल्या दोन महिन्यांत ही गळती बऱ्याच जणांना होते, मग थांबते. गुण आला की नाही हे सहा महिन्यांच्या आत ठरवू नये. पूर्ण अंदाज वर्षाने येतो. रोज आरशात पाहून काहीच कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचा टाळूवरून आणि समोरून फोटो काढा आणि पहिला फोटो सहाव्याशी ताडून पाहा.

लावण्यातही चुका होतात. एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. डोकं पूर्ण कोरडं हवं. भांग पाडून थेंब त्वचेवर सोडा, बोटांनी पसरवा, हात साबणाने धुवा. केसांवर ओघळलेलं औषध वाया जातं. पुढचे चार तास डोकं धुवायचं नाही. रात्रीचं औषध झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर ते उशीवरून गालाला लागतं आणि तिथे लव वाढते. मात्रा दुप्पट केल्याने केस दुप्पट येत नाहीत; औषध रक्तात जास्त उतरून धडधड, चक्कर असे त्रास मात्र होऊ शकतात (मुळात हे रक्तदाबाचं औषध). खाज, कोंडा वाढला तर बहुतेक वेळा दोष लोशनमधल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. फोममध्ये ते नसतं, म्हणून फोम वापरून पाहा. घरात मांजर असेल तर फार जपा, थोडंसं चाटलं तरी तिच्या जिवावर बेतू शकतं.

केशरोपणाची घाई मुळीच नको. डोक्याच्या मागच्या बाजूचे, टिकणारे केस मोजकेच असतात. २९ व्या वर्षी पुढची रेषा भरून घेतली आणि मागची गळती चालूच राहिली, तर पुढे केसांचा पट्टा आणि मागे मोकळं डोकं अशी स्थिती होते. आधी औषधाने गळती किमान वर्षभर थोपवून दाखवा, मग शल्यचिकित्सकाकडे जा.

प्रश्न : केसगळतीवरच्या फिनास्टराइड गोळीची भीती वाटते. ते टाळता येईल का?

उत्तर : टाळता येतं, पण मग मूळ कारणाला हात लागत नाही. अनुवंशाने नाजूक असलेली मुळं डीएचटी या संप्रेरकामुळे आक्रसतात. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवणारं विकर (एन्झाइम) त्यांच्यातल्या काही पुरुषांत जन्मतः कमी होतं आणि त्यांच्या कपाळाची केसरेषा मागे सरकलेली नव्हती. फिनास्टराइड तेच विकर अडवतं. रोजच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीने रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी घटतं.

कामेच्छा कमी होणं, ताठरता न येणं हे त्रास थोड्या जणांना होतात. गोळी थांबवल्यावर बहुतेकांचे जातात, पण काहींनी ते नंतरही टिकल्याचं सांगितलं आहे. मन उदास राहू लागलं तर थांबवा आणि लगेच डॉक्टरांना भेटा. पूर्वी नैराश्य आलं असेल तर सुरू करण्याआधीच सांगा. या गोळीने प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी करतात त्या पीएसए रक्ततपासणीचा आकडा जवळपास निम्मा होतो, म्हणून तपासणीवेळी ती घेत असल्याचं कळवणं अत्यावश्यक आहे. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान नको. फुटलेल्या गोळीला गर्भवतीने हात लावू नये. मिनॉक्सिडिल काय किंवा फिनास्टराइड काय, दोन्ही औषधं चालू आहेत तोवरच उपयोगी. सोडली की काही महिन्यांत कमावलेलं जातं.

प्रश्न : बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) आणि तेलाने काम भागेल?

उत्तर : नाही. तेलाने केस मऊ होतात, डीएचटीवर काही परिणाम होत नाही. बायोटिनची खरी कमतरता क्वचितच असते, आणि जास्त मात्रेच्या गोळ्यांमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकू शकतात. ठरलेल्या रक्ततपासणीआधी किमान दोन दिवस या गोळ्या थांबवा. छातीत दुखून तातडीने जावं लागलं, तर बायोटिन घेत असल्याचं तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.