वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपला लावलं की चालतंय, बॅटरीवर का नाही?

प्रश्न : सर नमस्कार, मी तासगावचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळे हातात धरून बागेत फिरता येईल असं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र बनवतोय, ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीचा (दमट हवेत द्राक्षावर येणाऱ्या रोगाचा) अंदाज यावा म्हणून. ईएसपी३२ (वायफाय असलेली कंट्रोलर चिप) चा बोर्ड, छोटा ओएलईडी डिस्प्ले, तापमान-आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर, १८६५० चा एक लिथियम सेल आणि टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल, सेल बोर्डच्या व्हीआयएन (पॉवर इनपुट) पिनला दिलाय. लॅपटॉपला लावलं की झकास चालतं, पण सेलवर टाकलं की वायफाय चालू होताना रिस्टार्ट होतं. सेल फुल चार्ज असला तर थोडा वेळ चालतं मग परत तेच. कोड परत परत लिहून बघितला. शिवाय डब्यात बसवल्यापासून तापमान पण जास्तच दाखवतंय. काय करू?

उत्तर : कोडला हात लावू नका, तो बरोबर असणार. "फुल चार्ज असला तर थोडा वेळ चालतं" हे तुम्ही लिहिलंत ना, त्यातच सगळं आलं. तुमच्या बोर्डवर बहुतेक एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून ३.३ वर स्थिर ठेवणारा भाग) असेल, स्वस्त बोर्डांवर तोच असतो, नंबर बारीक अक्षरात लिहिलेला असतो तो मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा. हा रेग्युलेटर लोडवर स्वतःसाठी जवळपास १.१ व्होल्ट खातो. यूएसबीचे ५ व्होल्ट असतात तेव्हा काही बिघडत नाही, ३.३ आरामात मिळतात. पण सेल फुल असताना ४.२, त्यातून १.१ गेले की ३.१ उरले, म्हणजे काठावर. सेल ३.७ वर उतरला की उरले २.६, आणि ईएसपी३२ ला निदान ३ व्होल्ट लागतात. त्यात वायफाय चालू होताना क्षणभर काही शे मिलिअँपिअरचा झटका बसतो, व्होल्टेज अजून खाली जातं आणि चिप स्वतःला रिसेट करून घेते. खात्री करायची असेल तर कोड सुरू होतानाच रिसेटचं कारण वाचून ओएलईडीवर छापा, ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज कमी पडलं, असं आलं की विषय संपला. साधा मल्टिमीटर हा खड्डा पकडत नाही, तो फार थोडा वेळ असतो, कॉलेजच्या लॅबमधल्या डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) स्पष्ट दिसेल.

उपाय म्हणजे एपी२११२ सारखा कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे स्वतःसाठी कमी व्होल्टेज खाणारा, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर घ्या, तो ६०० मिलिअँपिअरपर्यंत देतो. सेल त्याला द्या आणि त्याचं आउटपुट थेट बोर्डच्या ३.३ च्या पिनला. त्या पिनजवळच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, लांब वायरीने नको. ब्रेडबोर्डच्या बारीक जंपर वायरी सप्लायसाठी वापरू नका, त्यातही व्होल्टेज जातं. आणि एक गोष्ट नक्की पाळा, बाहेरून ३.३ देताय तेव्हा यूएसबी लावायची नाही, प्रोग्राम टाकायचा तर आधी सेल सोडवा.

आता तापमानाचं, आणि मला विचाराल तर बागेच्या दृष्टीने हे रिस्टार्टपेक्षा महत्त्वाचं आहे. रिस्टार्ट निदान दिसतो तरी, चुकीचा आकडा दिसतच नाही. सेन्सर ईएसपी३२ आणि चार्जिंग मॉड्यूलसोबत बंद डब्यात आहे म्हणजे तो बागेची नाही, डब्यातली हवा मोजतोय. २५ अंशाला ९० टक्के आर्द्रता असलेली हवा २८ अंशापर्यंत तापली की तीच ७५ टक्क्यांच्या आसपास दिसते. म्हणजे बागेत डावणीचं वातावरण तयार झालेलं असताना तुमचं यंत्र निवांत राहा म्हणून सांगणार, आणि फवारणी चुकली की त्या हंगामाचं काय होतं ते तुमच्या घरात मी सांगायला नको. सेन्सर चार वायरींवर डब्याच्या बाहेर काढा, डब्याच्या वरच्या टोकाला, हवा खेळेल अशी भोकं पाडलेल्या टोपणाखाली. चार्जिंग मॉड्यूल दुसऱ्या टोकाला. रीडिंग घेताना वायफाय बंद ठेवा आणि मिनिट-दोन मिनिटं हवेत धरून मग आकडा बघा, हाताची ऊब पण लागते त्याला.

अजून एक, सेन्सर खरंच बीएमई आहे का तेही बघून घ्या, बीएमईच्या नावाने बीएमपी२८० सर्रास विकला जातो आणि त्याला आर्द्रता कळतच नाही. बीएमईची चकचकीत डबी चौकोनी असते, बीएमपीची जरा आयताकृती. सेन्सरचं आयडी रजिस्टर (त्यात चिपचा ओळख क्रमांक असतो) कोडने वाचलं तर हेक्समध्ये ६० आला की बीएमई, ५८ आला की बीएमपी. मग घरचं मीठ घ्या, थोडंसंच पाणी घालून ओलसर चिखलासारखं करा, झाकणाच्या बरणीत ठेवा आणि सेन्सर वर टांगून रात्रभर बंद ठेवा, मिठाला लागू द्यायचा नाही. २५ अंशाला आतली आर्द्रता ७५ टक्के होते. तुमचा आकडा किती लांब आहे ते सकाळी कळेल, तेवढा फरक कोडमध्ये टाका.

प्रश्न : कराडहून लिहितोय. हँडहेल्ड टेस्टरमध्ये ईएसपी३२ च्या १२ नंबर पिनला बटण लावलंय, पुलअपसकट (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर). झिरो पीसीबीवर जोडल्यापासून बोर्ड चालूच होत नाही, बटण सोल्डर केलं नव्हतं तेव्हा चालत होता. सोल्डरिंग खराब झालं का?

उत्तर : सोल्डरिंग नाही, पिन चुकली. १२ नंबर पिन चालू होताना लो असावी लागते, तिच्यावरून चिप फ्लॅशचं (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीचं) व्होल्टेज ठरवते. तुमच्या पुलअपने ती हाय होते, चिप १.८ व्होल्ट निवडते आणि ३.३ ची फ्लॅश वाचलीच जात नाही. बटण ३२ किंवा ३३ वर घ्या. बॅटरीचं व्होल्टेज मोजणार असाल तर तेही ३२ ते ३९ मधल्याच पिनवर, पण व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर लावून, कारण सेलचे ४.२ व्होल्ट थेट पिनला चालत नाहीत. बाकीच्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना भरवशाचं रीडिंग देत नाहीत.