टाकीतले शेजारी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर): आमच्या दोन फुटी टाकीत दोन एंजल, चार टायगर बार्ब, एक गोल्डफिश, एक सकर आणि दहा गप्पी सोडले होते. हे सगळे 'कम्युनिटी' म्हणजे एकत्र नांदणारे मासे आहेत, असं दुकानदार म्हणाला होता. आता एंजलचे पंख कुरतडलेले दिसतात आणि गप्पी सहाच उरलेत. कोणाला काढायचं?

उत्तर: गप्पी सोडून सगळ्यांना.

पंख कुरतडणारे टायगर बार्बच. एंजलच्या पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पंख असतात. आधी ते आखूड होतात, मग शेपटीची टोकं जातात. बार्ब थव्यानं राहणारा मासा. आठ-दहा असले की त्यांची धुसफूस आपापसात चालते. चारच असले की तीच खोड शेजाऱ्याच्या शेपटीवर निघते. थवा मोठा केला तरी लांब पंखांचे, संथ पोहणारे मासे त्यांच्यासोबत नकोतच.

गप्पी मात्र बहुधा एंजलच्या पोटात गेले. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या तिथे जातोच. स्वभाव कितीही गरीब असो. दुकानातला एंजल दीड इंचाचा असतो, पण पुढे अंगानं सहा इंचांपर्यंत वाढतो, पंखांसकट उंची त्याहून जास्त. त्याला निदान दीड फूट उंच टाकी लागते. म्हणून दुकानातला आकार पाहून मासा घेऊ नका. 'पूर्ण वाढ किती?' हे आधी विचारा.

गोल्डफिशचं गणितच वेगळं. त्याला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं, बाकीच्यांना २४ ते २७. शिवाय तो खातो भरपूर आणि पाणीही तितकंच घाण करतो. सकर फूटभराच्या वर जातो, आणि मोठा झाला की रात्री संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी एंजलच्या कुशीवर पांढुरके चट्टे दिसले, तर आधी संशय सकरवर घ्या. शेवाळ खाण्यासाठी म्हणून तो आणतात, पण ते काम काच पुसायच्या स्पंजानं दोन मिनिटांत होतं.

आता तुमच्या टाकीचं माप. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजारानं भागा: ६० × ३० × ३८ म्हणजे सुमारे ६८ लिटर. वरची रिकामी जागा आणि तळाची वाळू वजा जाता खरं पाणी ५५ लिटर धरा. एवढ्यात सहा गप्पी आणि तळाशी वावरणारे सहा कोरीडोरास मासे सुखानं राहतील. कोरीडोरासना बारीक, गुळगुळीत वाळूच हवी. टोकदार खडीत तोंड खुपसून त्यांच्या मिशा झिजतात आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. गप्पी सगळे नर असतील तर उत्तम. माद्या हव्यात तर एका नरामागे दोन-तीन ठेवा, नाहीतर नर मादीला दिवसभर पिटाळतात. मादी साधारण महिन्यानं पिल्लं देते, तेव्हा सहाचे साठ व्हायला वेळ लागत नाही.

काढलेले मासे दुकानदार परत घेतो का, ते आधी विचारून ठेवा. सकर सिरपूर तलावात किंवा पिपल्यापाल्याच्या तळ्यात सोडून यायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. ही दक्षिण अमेरिकेतली चिवट जात आहे; ती तलावात रुजली की इथल्या माशांचं खाणं आणि अंडी घालायच्या जागा बळकावते. आणि सिरपूर २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

प्रश्न (सुदामानगर, इंदूर): टाकी बोअरिंगच्या पाण्यानं भरली. आठ निऑन टेट्रा आणले, आठवड्यात सगळे गेले. पाणी तर स्वच्छ दिसतं.

उत्तर: स्वच्छ दिसणं आणि मानवणं यांचा संबंध नाही. बादलीला पांढरी पुटं धरत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं आहे. निऑनला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. पण आठवड्यात आठही गेले, म्हणजे बहुधा टाकीच नवी होती. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात जड पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, आणि अशा पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. तुमच्या निऑनना दोन्ही बाजूंनी मार बसला.

आरओचं शुद्ध पाणी भरायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि त्याचा सामू घसरायला वेळ लागत नाही. मिसळायचंच तर ठरलेल्या प्रमाणात, आणि दर वेळी तेवढंच. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत घालू नका. ते बोअरिंगपेक्षाही जड असतं.

आमचं मत विचाराल तर पाण्याशी झगडू नका, पाण्याला साजेसा मासा घ्या. प्लॅटी, गप्पी, मोली आणि स्वोर्डटेल यांना जड पाणी आवडतंच. मोली आणि स्वोर्डटेल यांच्यासाठी तीन फुटी टाकी बरी, आणि स्वोर्डटेल उडी मारतो म्हणून झाकण पक्कं हवं. निऑनवरच जीव जडला असेल तर नर्मदेच्या नळाचं पाणी वापरून पाहा. आधी पाण्याचा जडपणा आणि सामू तपासणी किटनं मोजा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी डिक्लोरीनेटर घाला, किंवा बादलीत हवेचा पंप लावून पाणी चोवीस तास ठेवा. मग निऑन एकदम दहा आणा. दोन-तीनच असले की ते घाबरून कोपऱ्यात बसतात.

प्रश्न (तिलकनगर, इंदूर): फायटरसोबत गप्पी चालतील?

उत्तर: नाही. नर गप्पीची रंगीत शेपटी पाहून फायटरला समोर दुसरा फायटर आल्यासारखं वाटतं. त्याला एकट्याला वीस लिटरची झाकण असलेली टाकी द्या.

प्रश्न (रामबाग, इंदूर): ठरलेले मासे टाकीत कोणत्या क्रमानं सोडावेत? आणि उन्हाळ्याचं काय करावं?

उत्तर: आधी सगळ्यात गरीब आणि लहान, शेवटी हद्द राखणारे. रेड टेल शार्कसारखा मासा आधी सोडला की तो सगळी टाकी आपलीच समजतो. टाकी तयार झाल्यावर दर दोन आठवड्यांनी एकच जात वाढवा. त्याआधी नवे मासे वेगळ्या वीस लिटरच्या टबात स्पंज फिल्टर लावून दोन आठवडे ठेवा. अंगावर रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके आले तर तो आजार टबातच निस्तरेल.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा पाणी बत्तिशीला पोचतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले की तीच खूण समजा. टाकीचा दिवा बंद ठेवा, झाकणाऐवजी जाळी लावून पाण्यावरून छोटा पंखा फिरवा. दोन-तीन अंश उतरतात. बाष्पीभवनानं पातळी खाली गेली की साठवलेलं पाणी घाला. बर्फ थेट टाकू नका, तापमान एकदम पडतं. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या. त्या दिवसांत खाणं निम्मं करा, आणि नवे मासे आणायचे तर पावसाळा लागेपर्यंत थांबा.

मासा घरी आणल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी कपभर टाकीतलं पाणी पिशवीत घाला. शेवटी मासा जाळीनं उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता.