नोकरी सोडून होम लोन फेडू का? आत्ता तरी नको

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बाळ पाच महिन्यांचं आहे, बाळंतपणानंतर कावीळ झाली आणि तपासण्यांत ऑटोइम्यून हेपटायटिस (स्वतःची इम्युनिटीच लिव्हरवर हल्ला करते तो आजार) निघाला, रजा संपत आलीय, तर नोकरी सोडायची आणि सगळी एफडी मोडून होम लोनमध्ये भरायची, म्हणजे ईएमआय कमी होऊन एका पगारात भागेल. कागदावर हिशोब बसतोय, तरी मी नाहीच म्हणेन.

गरोदरपणात इम्युनिटी जरा दबलेली असते, बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत ती परत उसळते आणि तेव्हाच बऱ्याचदा हा आजार डोकं वर काढतो. म्हणजे तुम्ही आत्ता सगळ्यात बेभरवशाच्या काळात आहात. प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड), अझाथायोप्रिन (इम्युनिटी दाबणारी गोळी) ही औषधं जुनी, जेनेरिक मिळतात, खिसा रिकामा होतो तो तपासण्यांनी: सुरुवातीला वरचेवर एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मधेमधे आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीजची तपासणी), स्टिरॉइड लांबलं तर हाडांची डेक्सा (हाडं किती घट्ट आहेत ते बघणारा स्कॅन), कधी बायॉप्सी (लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणं). आणि हे लवकर आटपत नाही, रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आल्यावरही साधारण किमान दोन वर्षं गोळ्या चालू ठेवतात, बंद केल्यावर बऱ्याच जणींना आजार उलटतो. तेव्हा बजेट काही वर्षांचं धरा, आणि पैसे वाचवायला गोळ्या किंवा तपासण्या स्वतःच्या मनाने कमी करू नका, उलटला तर ॲडमिटचा खर्च वेगळाच.

लोनमध्ये एकदा भरलेला पैसा सहजासहजी परत येत नाही. निदान वर्षभराचा घरखर्च तरी सुटा ठेवा, उरलं तर प्रीपेमेंट.

नोकरीचं म्हणाल तर मला पगारापेक्षा कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्सची काळजी आहे. त्यात आधीचे आजार कव्हर होतात का ते एचआरकडून लेखी घ्या. होत असतील तर ते सोडून नवीन पॉलिसी घ्यायला गेलात की वेटिंग पिरियड (तोवर या आजाराचा क्लेम मिळत नाही), जास्त प्रीमियम, नाहीतर सरळ नकार. तुमचे मिस्टर म्हणतात तसं फॉर्मवर आजार लपवायचा तर अजिबात नाही, डिस्चार्ज कार्डवर आजार कधीपासून आहे ते लिहिलेलं असतं आणि क्लेम तपासणारा तेच आधी शोधतो.

थकवा खरा आहे, मान्य. त्यासाठी बिनपगारी रजा वाढवून मागा, किंवा काही महिने अर्धवेळ काम, कव्हर चालू राहतंय ना तेवढं विचारून. राजीनाम्याचं रिपोर्टमधले लिव्हरचे एन्झाइम्स स्थिर झाल्यावर परत बघू, टर्म प्लॅनचा (आयुर्विम्याचा) अर्जही तेव्हाच करा, आत्ताच्या रिपोर्टवर तो बहुतेक पुढे ढकलतील.