आईचा एमआरआय 'नॉर्मल', मग विसरणं कसलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६९ वर्षांची, वर्षभरात विसरणं वाढलंय, आणि एमआरआयच्या रिपोर्टात 'वयोमानानुसार बदल' एवढंच लिहिलंय. मग एमआरआयने अल्झायमर लवकर कळतो असं जे वाचायला मिळतं, ते थापा आहेत का?

थापा नाहीत. पण रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर चित्र बघतो आणि संशोधक चित्रातून मोजमाप काढतो. मी चौदा वर्षं त्या मोजमापाच्या बाजूला आहे. डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचं मला विचारू नका.

हिप्पोकॅम्पस घ्या. आठवणी साठवण्याच्या कामातला हा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये लवकर आक्रसतो. एका बाजूचा जेमतेम ३ घन सेंटिमीटर. नेहमीच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये एक ठिपका १ घन मिलिमीटरचा, म्हणजे सगळे मिळून ३००० ठिपके. धडधाकट म्हाताऱ्या माणसात वर्षाला साधारण दीड टक्का घट होते, म्हणजे ४५ ठिपके. अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १३५. फरक नव्वद ठिपक्यांचा! आणि तीन हजारांतले हजारभर तरी कडेवरचे, अर्धे आत अर्धे बाहेर. एका स्कॅनवरून हे कुणाच्या डोळ्याला दिसणार? त्यात प्रत्येकाचा हिप्पोकॅम्पस मुळातच लहानमोठा असतो.

म्हणून या क्षेत्रातली निम्मी मेहनत मोजपट्टी न हलू देण्यात जाते. मशीनच्या मध्यापासून डोकं थोडं वर-खाली ठेवलं तरी चित्र किंचित ताणलं जातं. ते गणिताने सरळ करावं लागतं. आमच्याकडे एकदा स्कॅनरचं सॉफ्टवेअर बदललं आणि पुढच्या महिन्यात सगळ्या आजीआजोबांचे मेंदू चक्क 'वाढले'. दर सोमवारी आम्ही द्रव भरलेला एक गोळा स्कॅन करतो, त्याचं माप सारखं यायला हवं. तोही 'वाढलेला' निघाला तेव्हा चोर सापडला. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमरच्या मेंदूचित्रण प्रकल्पाचं मोठं काम मला विचाराल तर हेच: वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिन्सवर एकसारखं स्कॅनिंग बसवणं आणि तो डेटा जगभरच्या संशोधकांना खुला करणं.

आक्रसणं हीसुद्धा तशी उशिराचीच खूण. त्याआधी मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचायला लागलेलं असतं आणि नेहमीच्या एमआरआयला ते दिसत नाही. त्यासाठी पेट स्कॅन (किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टोचून काढलेलं चित्र) किंवा पाठीतलं पाणी तपासतात. म्हणून आता पेशींभोवतीचं पाणी कसं हलतं, लोह कुठे साचतं, हे मोजायच्या पद्धती घडवल्या जातायत.

पार्किन्सन्सबद्दलही विचारलंत, तिथलं काम मला जास्त आवडतं. मध्यमेंदूतल्या ज्या पेशी त्यात मरतात त्यांच्यात न्यूरोमेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य असतं. ते लोह धरून ठेवतं, त्यामुळे योग्य सीक्वेन्स (मशीनची स्कॅन घ्यायची ठरावीक पद्धत) लावला तर तो काळा भाग चित्रात पांढरा उजळतो. जपानी गटाने २००६ मध्ये ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर हे दाखवलं. रुग्णांत ती चकाकी मंदावलेली होती. पुढे २०१४ मध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने तिथेच पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी खूण दाखवली, जी पार्किन्सन्समध्ये पुसली जाते. (एमआरआयसाठी नोबेल मिळवणारे मॅन्सफिल्ड याच विद्यापीठातले.) खूण सुरेख, पण पेशंटने मान जराशी हलवली की गायब. मी स्वतः दोनदा फसलोय.

आईचा रिपोर्ट वाया गेला असं मात्र नाही. गाठ, रक्तस्राव, डोक्यात पाणी साठणं, हे तरी नाही एवढं कळलं. फिल्मवर समाधान मानू नका, डायकॉम फाइलींची, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांची, सीडी मागून घ्या. न्यूरोलॉजिस्टने वर्षभराने पुन्हा स्कॅन सांगितला तर शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सीक्वेन्सने करा आणि जुनी सीडी बरोबर न्या. नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि बी१२, थायरॉइड तपासलं नसेल तर ते या आठवड्यातच करून घ्या.