लेन्स काढली की फोटो पांढराच का येतो?

राम राम भाऊ. किट लेन्सला बुरशी लागली, दुरुस्तीचा आकडा ऐकून तुम्ही ती कपाटात टाकली, आणि उरलेल्या डीएसएलआर बॉडीने लेन्सशिवाय अमूर्त फोटो काढायला अमळनेरच्या गच्चीवर भर दुपारी चढलात. चाळीसच्या चाळीस फ्रेम पांढऱ्याफटक. बॉडी बिघडली का, असं विचारलंय. नाही बिघडली. लेन्स नसली की सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) येणारा उजेड अडवायला ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक, नसतंच. उघड्या उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि शटर 1/4000 सेकंद ठेवलं तरी फ्रेम पांढरी होते. गच्चीचा नाद सोडा, घरात या.

मुळात लेन्सशिवाय कॅमेरा काही बघत नाही. खाटेवर वाळत घातलेल्या बिबड्यांवर, म्हणजे पापडांवर, ऊन पडतं ना, तसा सेन्सरवर नुसता उजेड पडतो. समोर लिंबाचं झाड आहे की शेजाऱ्याची भिंत, बिबड्याला कुठे कळतं? पण त्याच झाडाची सावली बिबड्यावर पडते, आणि तिला आकार असतो. तुमचा सगळा खेळ या सावलीचा आहे. दृश्याकडे कॅमेरा रोखणं विसरा.

सावली किती रेखीव पडेल हे दिव्याच्या आकारावर आणि अंतरावर ठरतं. रात्री खोलीत अंधार करा, कॅमेरा टेबलावर ठेवा, मोबाइलचा टॉर्च दोन मीटरवर बॉडीच्या तोंडासमोर लावा. मोड एम (सगळं हाताने ठरवायचा), आयएसओ 100, शटर 1/30 सेकंदापासून सुरू करून मागेपुढे करा. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर आधी मेनूत लेन्सशिवाय शटर चालू करण्याचा पर्याय शोधावा लागतो. आता बॉडीच्या तोंडाशी, आत नाही, काचेची बांगडी धरा. एपीएस-सी या मापाचा सेन्सर जेमतेम 24 बाय 16 मिलिमीटर, टपाल तिकिटाएवढा. त्यामुळे अख्खी बांगडी मावत नाही, एखादी कमान येते, आणि काचेतून वळलेला उजेड त्या कमानीच्या कडेला तलवारीच्या पात्यासारखा उमटतो. जाड बुडाचा पाण्याचा ग्लास फिरवून बघा. बुडातून येणाऱ्या उजेडाच्या जाळ्या मला आजही कंटाळा आणत नाहीत. पहिला असा फोटो घरी दाखवला तेव्हा काका म्हणाले, ‘हाई काय शे रे भो?’ मला तेच उत्तर हवं होतं.

याच्या पुढची गंमत ट्यूबलाइटची. चार फुटी ट्यूबसमोर झाडूची काडी ट्यूबला समांतर धरली तर तिची पुसट का होईना, रेघ येते. तीच काडी आडवी फिरवा, रेघ गायब. ट्यूब जाडीला इंचभर, लांबीला चार फूट. लांबीच्या बाजूने उजेड इतक्या ठिकाणांहून येतो की काडीमागे अंधार उरतच नाही. म्हणजे एकाच जाळीच्या ट्यूबला समांतर तारा दिसतील आणि तिला आडव्या विरघळतील. मी पिठाची चाळणी, डाळिंबाच्या खोक्यातली फोमची जाळी, सुकलेल्या केळीच्या पानाची चिरफाळी, सगळं यात घालून बघितलंय. केळीचं पान सर्वात छान, कारण त्याच्या शिरा मुळातच समांतर असतात. आपल्याकडे त्याला तोटा नाही.

रंग हवा असेल तर आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद. दोन टॉर्च, एकावर लाल, एकावर हिरवा, मध्ये हातभर अंतर. लाल दिव्याने पाडलेली सावली हिरवी दिसते आणि हिरव्याची लाल, कारण प्रत्येक सावलीत दुसरा दिवा पोचत असतो. जिथे दोन्ही पोचतात तिथे पिवळसर. तीन रंग लावायचा मोह आवरा, मला तरी ते लग्नाच्या स्टेजसारखं वाटतं.

चाळीसगाव तुमच्यापासून लांब नाही. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. घराबाहेर फारसं न पडता या माणसाने टेबलावर वस्तू मांडून, उजेड खेळवून टेबल-टॉप फोटो केले. त्यांच्या कॅमेऱ्याला लेन्स होती, पण तिथून परत आलो तेव्हापासून मी कॅमेरा हलवणं सोडलं, दिवा हलवायला लागलो. फरक लगेच दिसला.

आता धूळ. मी पहिल्यांदा हा प्रयोग वैशाखात, खिडकी उघडी ठेवून केला. आठवड्याने दुसरी लेन्स लावून एफ/16 वर, म्हणजे ॲपर्चर बारीक करून, आकाश टिपलं तर त्यात तिळाएवढे अकरा डाग. खिडक्या लावून, पंखा बंद करून, फरशी ओल्या फडक्याने पुसून मगच बॉडीच्या तोंडावरचं झाकण काढा. काम झालं की लगेच झाकण. धूळ रबरी फुग्याच्या हवेनेच उडवायची, तोंडाने फुंकर नाही, थुंकीचा थेंब बसला तर सेन्सर साफ करून घ्यावा लागतो. आणि लेझर पॉइंटर सेन्सरसमोर अजिबात नको, तो सेन्सर कायमचा जाळू शकतो.

झाकणाला भोक पाडून पिनहोल करू का, असंही विचारलंय. करा, पण ती वाट वेगळी आहे, त्यात चित्र उमटतं. डीएसएलआरला साधारण 0.3 मिलिमीटरचं भोक लागतं, म्हणजे जवळपास एफ/150. तेव्हा तुमच्या त्या गच्चीवरच्या उन्हात आयएसओ 100 ला सेकंदभर उघडं ठेवावं लागेल, आणि सेन्सरवरचा कणन्‌कण फोटोत दिसेल. झाकणाला मोठं भोक पाडून त्यावर शीतपेयाच्या डब्याचा पत्रा चिकटवा आणि सुई पत्र्यालाच टोचा. भोकाच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासायला विसरू नका.

आधी बांगडी करून बघा. फोटो टाकताना दिवा किती लांब होता आणि कोणत्या बाजूने होता तेही लिहा, नाहीतर चुकलं कुठे ते आम्हाला सांगता येणार नाही.